भिंतीवरचा धोंडूकाकांचा हात

मिल बंद झाली आणि आमचं घर मिरच्यांच्या देठांवर चालू लागलं. आई लालबागच्या मसालेवाल्याकडून सुक्या मिरच्यांचं पोतं आणायची, खोलीच्या मधोमध जुनं लुगडं पसरायची आणि सकाळपासून देठ काढत बसायची. बेडगीचे वेगळे, लवंगीचे वेगळे. खाली गल्लीत मसाल्याचे डंक दिवसभर धप्प-धप्प चालायचे, त्याने आमच्या फळीवरचे डबे हलायचे. खोलीत आलेला माणूस आधी शिंकायचा आणि मग बोलायचा. संध्याकाळी आई तांदळाच्या धुवणात दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवून बसायची. तिच्या हातांची आग रात्रभर जायची नाही. माझा धाकटा भाऊ विनू लहानपणी कधी रडला तर त्याचे डोळे पुसायला ती मला हाक मारायची, स्वतः हात लावायची नाही. जेवायला कुळथाची पिठी आणि भात, नाहीतर भात आणि कुळथाची पिठी. रविवारी सुकट. ताजी मासळी आम्ही शेजारच्या खोल्यांतून येणाऱ्या वासावरच ओळखायचो.

बाबा दाराशी बसून असायचे. साचाखात्यात, कापड विणायच्या मागांवर, सगळं आयुष्य गेलेला माणूस, छातीत कापूस भरलेला. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट साच्याच्या पट्ट्यात गेलं होतं. दोन्ही बोटांचे फक्त गोल खुंट राहिले होते. चहाचा कप ते उरलेल्या बोटांत असा धरायचे की नवख्या माणसाला काही कळायचं नाही. आम्हाला तो हात तसाच माहीत होता. विनू शाळेत उजव्या हाताची बोटं मोजायला शिकला तेव्हा बाबांचा हात धरून मोजायला बसला आणि आईने त्याला धपाटा घातला. बाबा हसले होते. मिल बंद झाल्यानंतर ते हसल्याचं मला दुसरं काही आठवत नाही.

आमच्या गॅलरीत, चार दारं सोडून, धोंडूकाका राहायचे. कणकवलीकडच्या आमच्याच वाडीतले. बाबा आणि ते एकाच वेळी मुंबईला आले, एकाच खात्यात लागले, साच्यांवर शेजारी शेजारी उभे राहिले. ज्या दिवशी बाबांची बोटं गेली त्या दिवशी धोंडूकाका विडी ओढायला बाहेर गेले होते आणि बाबा आपल्याबरोबर त्यांचाही साचा बघत होते. बोटं गेली ती धोंडूकाकांच्या साच्यात. एवढं मला आईकडून कळलं होतं. त्यानंतरच्या दसऱ्यापासून दोघांचं बोलणं बंद झालं, का ते तिलाही माहीत नव्हतं. बायका मात्र बोलायच्या. आईची पिठी धोंडूकाकांच्या बायकोकडे, सुलूकाकीकडे, जायची, सुलूकाकीकडचं तिरफळ घातलेलं कालवण आमच्याकडे यायचं. बाबा ते जेवायचे, वाटी कुणाची ते विचारायचे नाहीत. धोंडूकाकांच्याही छातीत कापूसच होता. दुपारी गॅलरी सुनसान झाली की दोन टोकांहून दोन खोकले ऐकू यायचे. एक थांबला की दुसरा. आई म्हणायची, "बोलूक नको ह्यांका एकमेकाशी, खोकूक बरा जमता."

अशा घरातून मी कॉलेजात गेले. आमच्या घराण्यात त्याआधी कुणी कॉलेजचं फाटक ओलांडलेलं नव्हतं, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. मला कुणी हात धरून नेलं नाही. मिरचीच्या वासाचे कपडे घालून मी वर्गात बसायची आणि पुढच्या बाकावर बसायची. प्राचीन इतिहास शिकवायला आगाशे मॅडम होत्या. शिवाजी पार्कात राहायच्या, सुती साड्या नेसायच्या, आवाज बारीक, पण त्या बोलत असताना मागची मुलंसुद्धा गप्प असायची. एकदा त्यांनी पडदे ओढून आम्हाला स्लाइड्स दाखवल्या. मध्य भारतातल्या टेकड्यांमधल्या गुहा. लाल गेरूची हरणं, भाले घेतलेली माणसं, आणि मग एका खडकावर नुसते हात. माणसांनी तळव्याला रंग लावून उठवलेले. त्यांतल्या काही हातांना बोटं कमी होती.

"का असतील?" मॅडमनी विचारलं. मग त्यांनीच सांगितलं, की कुणी म्हणतं घरातलं माणूस गेलं की दुःखात बोट तोडत असतील. कुणी म्हणतं देवाला वाहत असतील. कुणी म्हणतं बोटं तुटलेलीच नाहीत, नुसती मुडपून ठसा उठवलाय, शिकारीत लांबून खुणा करायला अशी बोटं मुडपत असतील.

मी उठून उभी राहिले. "मॅडम, कामात गेली असतील."

"कुठल्या कामात?"

"कुठल्याही. दगड फोडताना, जनावराशी झोंबताना. आमच्या चाळीत दर मजल्यावर असे हात आहेत."

मागून एक मुलगा म्हणाला, "आयला, आदिमानव पण मिलमध्ये होता काय!" सगळा वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "शक्य आहे. पण तुटलेल्या बोटाचा ठसा आणि मुडपलेल्या बोटाचा ठसा वेगळा कसा ओळखशील?"

मी परत पडद्यावरच्या हातांकडे वळले. "मग याच्यावरच निबंध लिही," त्या म्हणाल्या. "दिवाळीनंतर दे. आपल्याला जे वाटतं ते नको लिहूस, दिसतं ते लिही."

मी चिडूनच घरी आले. बोटं मुडपून भिंतीवर नकला करत बसायला वेळ कुणाला असतो, ज्यांना पोट नसतं त्यांना, असं माझं स्पष्ट मत होतं. ते लोक आमच्यासारखेच कष्टाचे होते आणि त्यांची बोटं आमच्या माणसांसारखीच गेली होती. मला फक्त पुरावा हवा होता, आणि तो कुठे आहे हे मला माहीत होतं.

बाबांच्या खात्यात मारुतीचा एक कोनाडा होता. खंडेनवमीला साच्यांची पूजा झाली की प्रत्येक कामगार तेलात कालवलेला शेंदूर उजव्या तळव्याला लावून त्या कोनाड्याच्या भिंतीवर आपला हात उठवायचा. दर वर्षाची एक ओळ, आधीच्या ओळीच्या खाली. त्या भिंतीला कधी चुना लावत नसत. लहानपणी त्या दिवशी बायकापोरांना आत सोडायचे, तेव्हा मी ती पाहिली होती. आता, मी निबंध लिहायच्या वर्षी, साचे भंगारात जाणार असं ठरलं होतं, आणि जुन्या कामगारांनी सांगून-भांडून शेवटच्या पूजेची परवानगी मिळवली होती. बाबा जायला तयार नव्हते. "पूजा कोणाची करतलंय? भंगाराची?" आई मिरच्यांतून मान वर न करता म्हणाली, "जावा हो. शेवटचाच ता. चेडवाक घेवन जावा, तिका कॉलेजात लिवचा हा."

फाटकावर रखवालदाराने आम्हाला आत सोडलं. आत शिरल्या शिरल्या बाबा ओरडून बोलू लागले. "हय वरती बघ! हयसून पट्टे जायचे!" साच्यांच्या आवाजावर बोलायची सवय. पण साचे उभे, गार, कबुतरांनी घाण केलेले. बाबांचा आवाज त्या रिकाम्या खात्यात लांबवर जाऊन परत आला. आजूबाजूला त्यांच्याच वयाची माणसं झेंडूच्या माळा घेऊन आपापला साचा शोधत होती. धोंडूकाका आले नव्हते. त्यांना आता जिनाही उतरवत नव्हता.

भिंत जशीच्या तशी होती. वरच्या ओळी विटकरी पडलेल्या, खालच्या अजून तांबड्या. मी बाबांचे हात शोधत गेले. वर पाच बोटांचे. मग एका ओळीत पहिला तीन बोटांचा. पुरा तळवा उमटलेला, आणि त्याच्या वरच्या कडेला दोन खुंटांचे दोन गोल ठिपके. आणि त्याला लागूनच दुसरा हात, तीच दोन बोटं नसलेला. मला इतका आनंद झाला की मी जवळजवळ ओरडलेच. पुरावा! एका खात्यात शेजारी शेजारी दोघांची तीच बोटं गेलेली!

मग मी वाकून पाहिलं. मॅडमचं वाक्य डोक्यात होतं, दिसतं ते लिही. दुसऱ्या हाताचा तळवा पुरा नव्हता. बोटांखालची अर्धी बाजू कोरी होती आणि त्या कोऱ्या जागेत पेरांच्या पाठींचे दोन आडवे डाग होते. मी माझी दोन बोटं मुडपून तळवा भिंतीजवळ नेला. मुडपलेली बोटं तळव्याच्या आणि भिंतीच्या मध्ये येतात, तिथे शेंदूर लागतच नाही.

"बाबा," मी म्हणाले, "ह्याला बोटं आहेत. ह्याने मुडपलीयत."

बाबांनी तिकडे पाहिलंही नाही. "धोंड्याचो तो," ते म्हणाले. "माझी बोटा गेली, त्या वर्साचो. माझ्या बाजूक उभो ऱ्हवलो आणि सगळ्यांसमोर तसो हात लावल्यान. सगळे हसले. माझी मस्करी केल्यान त्येना. त्याच्याच साच्यात माझी बोटा गेली, आणि त्येनाच."

म्हणजे हे होतं. एवढ्यासाठी चार दारांवरून दोन माणसं इतकी वर्षं नुसती खोकत होती. मी खालची ओळ पाहिली, नंतर तिच्या खालची. बाबांचे हात त्यानंतर एकदम दुसऱ्या टोकाला गेले होते. ते मुद्दाम लांब उभे राहत असणार, आणि या टोकाकडे मान वळवत नसणार. पण धोंडूकाका आपल्या जुन्या जागीच होते. प्रत्येक ओळीत. कोरा अर्धा तळवा, पेरांचे दोन डाग.

"बाबा, खालीपण आहेत. सगळ्या ओळींत."

बाबा हळूहळू आले. अंगठ्याजवळच्या बोटाने एकेक ओळ खाली उतरत गेले, मिल बंद झाली त्या वर्षापर्यंत. शेवटच्या हातावर बोट ठेवून उभे राहिले. "दरवर्सा?" ते म्हणाले. "दरवर्सा लावल्यान?" मागे कुणीतरी नारळ फोडला. पूजा झाल्यावर बाबांनी प्रसादही घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी दसरा. आईने वडे आणि काळ्या वाटाण्याची उसळ केली. संध्याकाळी मी आपट्याची पानं घेऊन सगळ्या गॅलरीभर फिरले. धोंडूकाका उशांना टेकून बसले होते, छातीचा भाता वरखाली होत होता. मी पान दिलं, पाया पडले. ते म्हणाले, "बापूस खय?"

"घरी आहेत." मग मी सरळ विचारलं. मला आडून बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. "काका, तुम्ही भिंतीवर दोन बोटं मुडपून हात का लावायचात?"

सुलूकाकी मोरीत भांडी घासत होती, तिचा हात थांबला. "बघल्यान काय त्येना?" काकांनी विचारलं.

"कालच पाहिलं. सगळं."

"मग बापाशीक धाड. तेकाच सांगतलंय. तुका सांगान काय उपेग?"

मी धावत घरी गेले. बाबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तो येवंदे. वाट त्येका म्हायत हा." आई म्हणाली, "तेका उठाक तरी येता काय? सोन्याच्या दिसात कसला आडमुठापण!" बाबांनी आपट्याचं एक पान उचलून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि दाराशी जाऊन बसले. मला वाटलं, आता उठतील. उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, दिवाळी जाऊ दे. मी रोज कॉलेजातून आले की आधी त्यांच्या तोंडाकडे पाहायची. दिवाळीत गॅलरीत फटाक्यांचा धूर भरला आणि दोन्ही खोकले वाढले, एवढंच झालं. लोक मला विचारतात, तुम्ही त्यांना ओढून का नेलं नाहीत? ज्यांनी गिरणीतला बाप पाहिलेला नाही तेच असं विचारतात. त्या माणसाकडे नोकरी राहिली नव्हती, बोटं राहिली नव्हती. राग तेवढा त्याचा स्वतःचा होता.

दिवाळीनंतर एकदा ते दादरला रखवालदारीच्या नोकरीसाठी गेले. छाती बघून त्यांना परत पाठवलं. दुपारी आले, अंघोळ केली, दाढी केली, ठेवणीतला पांढरा शर्ट घातला. आईने विचारलं, "खय चाललात?"

"धोंड्याकडे."

आईचे हात मिरच्यांत तसेच राहिले. "तेका सकाळीच हॉस्पिटलात नेल्यानी. खुर्चीवर बसवन खाली उतरवलो."

परळच्या त्या मोठ्या इस्पितळात मी बाबांबरोबर गेले. लांबलचक वॉर्ड, दोन खाटांमध्ये खाली चटईवरही पेशंट. सुलूकाकी पायथ्याशी बसली होती. धोंडूकाकांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, उजव्या हाताला सलाइन, आणि तो हलू नये म्हणून फळीला बांधलेला. डोळे उघडे होते. त्यांनी बाबांना ओळखलं, यात मला शंका नाही. बाबांनी खिशातून ते आपट्याचं पान काढलं. पार वाळून दुमडलं होतं. ते त्यांनी उशीवर ठेवलं आणि मोठ्याने, अगदी खात्यात बोलावं तसं विचारलं, "काय रे धोंड्या, कित्याक रे? कित्याक लावलंस तसो हात?"

"ओ काका, आवाज कमी करा," नर्स तिकडून ओरडली. "मार्केट आहे का हे?"

धोंडूकाकांचे ओठ हलले. मास्क आतून धुक्याने भरला, निवळला, परत भरला. बाबा वाकले, मास्कला कान लावला. बराच वेळ तसेच वाकून होते. ऑक्सिजनचा फुस्स-फुस्स आवाज तेवढा मलाही ऐकू येत होता. मग भेटीची वेळ संपली आणि आम्हाला बाहेर काढलं. जिन्यात मी विचारलं, "काय म्हणाले?" बाबा कठड्याला धरून एकेक पायरी उतरत होते. "काय तरी बोल्लो," ते म्हणाले. "काय तरी बोल्लो गो तो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धोंडूकाका गेले. बाबांनी खांदा दिला, छाती साथ देत नसताना दिला.

त्यानंतर चाळीत त्या हाताचे अर्थ सुरू झाले. सुलूकाकी म्हणाली, ते प्रायश्चित्त होतं. ज्या साच्यात मित्राची बोटं गेली त्या साच्याच्या देवासमोर माझी पण दोन नाहीत असं ते दरवर्षी सांगत होते. आई म्हणाली, प्रायश्चित्त कसलं, जोडी होती ती, एकाचं गेलं ते दुसऱ्यानेही ठेवलं नाही. खालच्या मजल्यावरचे गावडेकाका त्याच खात्यातले, ते हसून म्हणाले, "अगो, धोंडू एक नंबरचा नकल्या. एकदा मस्करी केलान, त्याचा मित्र तुटला, मग ती सोडायची कशी? सोडली तर मस्करीच होती असं ठरलं असतं." मी तिघांनाही ऐकलं. प्रत्येकाला जो अर्थ सोसवत होता तो त्याने धरला होता. बाबांनी कुठलाच धरला नाही. ते मरेपर्यंत, जेवताना मध्येच थांबून, कुणालाही उद्देशून नाही असं म्हणायचे, "काय तरी बोल्लो तो."

साचे निघाले, मग भिंत पडली. तिचा फोटो कुणी काढला नव्हता, आमच्याकडे कॅमेरा कुठला? मी आठवणीने दोन हात वहीच्या कागदावर काढले. एक पुऱ्या तळव्याचा, एक अर्ध्या कोऱ्या तळव्याचा. फरक कसा ओळखायचा ते लिहिलं. तिघांचे तीन अर्थ लिहिले आणि खाली लिहिलं, यांतला खरा कोणता ते सांगता येत नाही. आगाशे मॅडमनी ते माझ्यासमोरच वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा काढला.

"आणि तुझं मत?"

"मत आहे मॅडम. पुरावा नाही."

"मग मत तुझ्याजवळ ठेव," त्या म्हणाल्या. पुढच्या हिवाळ्यात त्यांनी मला त्या गुहा पाहायला नेलं. मी त्या खडकाखाली उभी राहिले, आणि पहिल्यांदा तळवे पाहिले, बोटं मागाहून. काही पुरे होते. काही अर्धे कोरे होते आणि त्यांत पेरांचे डाग होते. माझं वर्गातलं उत्तर निम्मं चुकलेलं होतं. ज्यांनी बोटं मुडपली त्यांच्या शेजारचे कोण होते, त्यांचं आपसात काय झालं होतं, तिथे विचारायला कुणी नव्हतं. आमच्या भिंतीचं विचारायला माणूस होता, चार दारांवर होता, तरी आम्हाला कळलं नाही.

आता मी अँटॉप हिलला राहते. दादरहून येताना बस त्या मिलच्या जागेवरून जाते. तिथे काचांची इमारत आहे, तिच्याकडे मी मुद्दाम पाहते. मी शिकवते ती मुलं माझ्याकडे मोबाइलवर गुहेतल्या हातांचे फोटो घेऊन येतात आणि विचारतात, बाई, याचा अर्थ काय? त्यांना उत्तर लगेच हवं असतं. मी त्यांना आधी तळवा बघायला सांगते.

बाबांनी माझी बी.ए.ची पदवी पाहिली. एम.ए. पाहायला ते राहिले नाहीत, आईने पाहिली. पुढे त्या गुहांमधल्या हातांवर मी प्रबंध लिहिला. कुठलं बोट तुटलेलं आणि कुठलं मुडपलेलं, हे ठशावरून कसं ओळखायचं, ते त्यात दाखवलं. का मुडपलं, या प्रश्नापुढे 'सांगता येत नाही' असं लिहिलं. तोंडी परीक्षेत त्या तीन शब्दांवरून मला पुष्कळ छेडलं गेलं. मी ते शब्द बदलले नाहीत. मला डॉक्टरेट मिळाली. साचाखात्यातल्या माणसाची मुलगी, आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर आणि त्या चाळीतली पहिली डॉक्टर, ती मी.